शुक्राणू आणि अंडे यांची गाठ : फळमाशीतील फलन महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कसे पाहावे

केळ्यांचा घड घरात दोन दिवस जास्त राहिला की त्याच्याभोवती तांबड्या डोळ्यांची बारीक चिलटे जमू लागतात. त्या चिलटांपैकी एक जात म्हणजे ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर, अर्थात जगभरच्या प्रयोगशाळांतील फळमाशी. शब्दाबाबत एक खुलासा सुरुवातीलाच करायला हवा. कोकणातील आंबा बागायतदार ज्या फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगतात ती बॅक्ट्रोसेरा नावाची, आकाराने घरमाशीएवढी, वेगळ्याच कुळातील माशी आहे. या लेखात फळमाशी हा शब्द केवळ ड्रोसोफिलासाठी वापरला आहे.

ठाण्यात पदवीच्या वर्गांना प्राणिशास्त्र शिकवताना दरवर्षी एक गोष्ट जाणवते. फलनाचे चित्र काढा असे सांगितले की बहुतेक विद्यार्थी एक मोठे गोल अंडे काढतात आणि त्याच्याकडे धावत सुटलेले असंख्य चिमुकले शुक्राणू काढतात. ते चित्र माणसाचे आहे आणि माणसापुरते ठीकही आहे. परंतु फळमाशीत प्रमाणेच उलटी आहेत. तिचे अंडे सुमारे अर्धा मिलिमीटर लांब असते, तर एका शुक्राणूची लांबी सुमारे १.८ मिलिमीटर असते, म्हणजे शुक्राणू अंड्याच्या तिपटीहून अधिक लांब आणि ज्या नराने तो तयार केला त्याच्या शरीराच्या लांबीच्या जवळपास पोहोचणारा. माणसाचा शुक्राणू मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाची कल्पना येते. ड्रोसोफिला बायफर्का या तिच्याच एका नातेवाईक जातीत तर शुक्राणू सुमारे ५८ मिलिमीटरपर्यंत लांब असतो. इतका लांब शुक्राणू कोट्यवधींच्या संख्येने तयार करणे नराला परवडत नाही. एका मीलनात तो काही हजार शुक्राणू देतो, मादी त्यांतील काही शेच साठवते आणि पुढे कितीतरी दिवस ते अत्यंत काटकसरीने वापरते.

या मार्गदर्शनात मी तीन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. मादीच्या शरीरात शुक्राणू साठले का, अंडे जागे झाले का, आणि शुक्राणूचे केंद्रक अंड्याच्या केंद्रकाला मिळाले का? आपण बोलताना या तिन्हींना मिळून फलन म्हणतो, पण फळमाशीत या तीन घटना वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या कारणांनी घडतात आणि साधा सूक्ष्मदर्शक, चांगले चिमटे व थोडी चिकाटी एवढ्या सामग्रीवर त्या वेगवेगळ्या तपासता येतात. विच्छेदनासाठी महाविद्यालयाच्या व विद्यापीठाच्या नियमांनुसार लागणारी परवानगी मात्र आधी घेऊन ठेवावी.

माश्या, खाद्य आणि ठाण्याची हवा

वाशीच्या घाऊक फळबाजारात किंवा जांभळी नाक्यावरच्या केळीवाल्याकडे हवी तितकी चिलटे मिळतील. परंतु त्यांत ड्रोसोफिलाच्या दोन-चार जाती मिसळलेल्या असतात आणि विशेषतः ड्रोसोफिला अनॅनासी ही जात आपल्याकडे सर्रास आढळते. माद्यांवरून या जाती ओळखणे नवख्याला कठीण जाते. म्हणून या प्रयोगांसाठी ओरेगॉन-आर किंवा कँटन-एस यांसारखा ओळखीचा वाण म्हैसूर विद्यापीठाच्या ड्रोसोफिला संग्रहातून किंवा माश्या पाळणाऱ्या एखाद्या संशोधन संस्थेतून मागवावा.

खाद्याला महागडे काही लागत नाही. भारतातील अनेक प्रयोगशाळांत रवा आणि गुळाचे खाद्य वापरतात: एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम बारीक रवा, १०० ग्रॅम गूळ, १० ग्रॅम अगर आणि बुरशी रोखण्यासाठी ७.५ मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, त्यात अगर उकळून एकजीव करावे, आणि मग शिरा करताना घालतो तसा रवा हळूहळू, सतत ढवळत घालावा, कारण गुठळ्या झाल्या की त्यांच्याभोवती पाणी सुटते आणि माश्या त्यात बुडून मरतात. मिश्रण थोडे निवल्यावरच आम्ल घालावे, बाटल्यांत दोन बोटे थर ओतावा, रात्रभर मलमलीच्या फडक्याखाली ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी वर यीस्टचे चार दाणे टाकून कापसाचा बोळा लावावा. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून माशी होईपर्यंत साधारण १० दिवस लागतात.

तापमानाचा मुद्दा मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण त्याने माझा एक पूर्ण महिना घेतला होता. एका मे महिन्यात आमच्या वातानुकूलन नसलेल्या खोलीत माद्या भरपूर अंडी घालत होत्या, पण त्यांतून एकही अळी बाहेर येत नव्हती. मी आधी खाद्यावर संशय घेतला, मग आम्लाच्या प्रमाणावर, मग यीस्टवर. तीन आठवडे खाद्य बदलण्यात गेले. शेवटी एका नराचे शुक्राशय, म्हणजे तयार शुक्राणू साठवणारी पिशवी, सलाइनमध्ये फोडून पाहिले तेव्हा त्यात हालचाल करणारा एकही शुक्राणू दिसला नाही. फळमाशीचे नर ३० ते ३१ अंशांच्या आसपास वाढले तर त्यांचे शुक्राणू नीट घडत नाहीत आणि ते वंध्य निघतात. माशी दिसायला मात्र धडधाकट असते, नर प्रणयाराधन करतो, मीलनही होते. अंडी आहेत पण अळ्या नाहीत असे दिसले की सर्वप्रथम खोलीचा तापमापक पाहावा आणि मग नराचे शुक्राशय. मार्च ते जून या काळात थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या थैल्या सकाळ-संध्याकाळ बदलून २५ अंशांच्या आसपास राहता येते. पेटीत तापमापक कायम असावा.

पावसाळ्यात उष्णतेचा त्रास कमी होतो, पण बुरशी आणि कोळीवर्गीय बारीक किडी वाढतात. बाटल्या दर दोन आठवड्यांनी बदलाव्यात आणि जुन्या बाटल्या शेजारी ठेवू नयेत.

कुमारी माद्या आणि मीलन

मादीला आधी नर भेटलेला नाही याची खात्री नसेल तर पुढचे एकही निरीक्षण विश्वासार्ह राहत नाही. कोषातून बाहेर आलेली मादी २५ अंशांना पहिले सुमारे आठ तास मीलन करत नाही. त्यामुळे सकाळी बाटलीतील सर्व माश्या काढून टाकाव्यात आणि त्यानंतर बाहेर आलेल्या माद्या आठ तासांच्या आत वेगळ्या कराव्यात. आपल्याकडील उबदार खोलीत मी ही मर्यादा सहा तासांवर आणली आहे. नुकत्याच बाहेर आलेल्या माशीचा रंग फिकट असतो आणि पोटाच्या पारदर्शक त्वचेतून एक गडद ठिपका दिसतो. नराचे पोट टोकाला गोलसर व काळे असते आणि त्याच्या पुढच्या पायांवर काळ्या केसांचा छोटा कंगवा असतो. मादीचे पोट टोकदार आणि शेवटपर्यंत पट्टेदार असते.

माश्या गुंगवण्यासाठी ईथरऐवजी बर्फ वापरावा. नळी पाच मिनिटे बर्फात ठेवली की माश्या निश्चल होतात आणि मग बर्फावर ठेवलेल्या पेट्रीडिशमध्ये त्या पाहता येतात. दमट हवेत थंड काचेवर लगेच दव धरते आणि माश्यांचे पंख त्यात चिकटतात, म्हणून डिशमध्ये टिपकागद अंथरावा आणि ब्रश कोरडा ठेवावा.

वेगळ्या केलेल्या माद्या ताज्या यीस्टसह तीन-चार दिवस ठेवाव्यात. त्या नळीत एक जरी अळी दिसली तरी ती संपूर्ण नळी बाद करावी. आणखी भक्कम तपासणी हवी असेल तर पांढऱ्या डोळ्यांच्या वाणातील माद्या आणि लाल डोळ्यांचे नर घ्यावेत. हा जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने सर्व मुली लाल डोळ्यांच्या व सर्व मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे निघायला हवेत. पांढऱ्या डोळ्यांची मुलगी निघाली तर तिची आई कुमारी नव्हती असे समजावे.

मीलनासाठी एका नळीत एक मादी आणि एक नर सोडावा, शक्यतो सकाळी. नर एक पंख ताणून थरथरवत मादीभोवती फिरतो. मीलन साधारण १५ ते २० मिनिटे चालते. सुरुवातीची व शेवटची वेळ टिपावी आणि लगेच नर काढून घ्यावा. या काळात शुक्राणूंबरोबर अनेक प्रथिनेही मादीकडे जातात. त्यांपैकी सेक्स पेप्टाइड हे अवघ्या ३६ अमिनो आम्लांचे प्रथिन शुक्राणूच्या शेपटीला चिकटून राहते आणि तेथून हळूहळू सुटत राहते. त्याच्या प्रभावाखाली मादी आठवडाभर किंवा त्याहून थोडा अधिक काळ दुसऱ्या नराला नकार देते आणि जास्त अंडी घालते. कुमारी मादी कमी अंडी घालते म्हणून तिचे अंडे निकृष्ट आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे प्रथिन आठवावे.

शुक्राणू पाहणे

प्रथम नराकडे वळावे. तीन-चार दिवसांचा नर फॉस्फेट बफर सलाइनच्या थेंबात ठेवून एका चिमट्याने वक्ष धरावे आणि दुसऱ्याने पोटाचे टोक अलगद ओढावे. मळसूत्रासारखी वळलेली दोन पिवळी वृषणे बाहेर येतात आणि प्रत्येकाच्या मुळाशी एक फुगीर पिशवी दिसते, तेच शुक्राशय. ते सुईने फोडून वर कव्हरस्लिप ठेवावी. साधे पाणी वापरू नये, कारण त्यात शुक्राणू काही क्षणांत निकामी होतात. सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर खाली घ्यावा, डायफ्रॅम जवळजवळ बंद करावा, आणि १०० पट वर्धनाखाली त्या फाटलेल्या पिशवीच्या तोंडाशी पाहावे. एकेक शुक्राणू सुटा दिसण्याची अपेक्षा ठेवणाऱ्यांची येथे निराशा होते, कारण बाहेर येते ती रेशमाच्या विस्कटलेल्या लडीसारखी, सगळ्या बाजूंनी लाटा सोडणारी गुंतागुंत. धीर धरून तिच्या कडेला पाहत राहिले की एखादा धागा सुटा होतो आणि त्याची पूर्ण लांबी नजरेखाली सरकवत सरकवत पाहावी लागते. डोके सुईसारखे, जेमतेम १० मायक्रॉनचे. बाकी सर्व शेपटी, आणि तिच्यात संपूर्ण लांबीभर तंतुकणिकांपासून बनलेले दोन पट्टे.

आता मादी. मीलनानंतर सुमारे सहा तासांनी मादीचे पोट तसेच सलाइनमध्ये उघडावे. अंडनिक्षेपकाचे टोक धरून सावकाश ओढले की संपूर्ण जननमार्ग सलग बाहेर येतो. दोन अंडाशय, त्यांना जोडणारी अंडवाहिनी, तिच्या खाली गर्भाशयाची पिशवी, आणि या पिशवीच्या वरच्या टोकाशी शुक्राणू साठवण्याची तीन ठिकाणे. पाठीच्या बाजूला छत्रीसारख्या आकाराचे दोन तपकिरी बुटके अवयव दिसतात. त्यांना स्पर्मॅथेका म्हणतात. पोटाच्या बाजूला घट्ट वेटोळे घातलेली एक पातळ पांढरी नळी असते, ती सेमिनल रिसेप्टॅकल. स्पर्मॅथेका रंगाने लगेच डोळ्यांत भरतात, त्यामुळे विद्यार्थी त्यांच्याशीच थांबतात. परंतु शुक्राणूंचा मोठा साठा आणि प्रत्यक्ष वापर प्रामुख्याने या नळीतून होतो, आणि तिची भिंत पारदर्शक असल्याने तिला न फोडता आत पाहता येते.

वेटोळे चिमट्याच्या टोकाने थोडे सैल करून ४०० पट वर्धनाखाली धरावे. उकळी फुटलेल्या पाण्यात शेवया फिराव्यात तशी हालचाल नळीच्या आत अखंड चालू असते. कुमारी मादीची तीच नळी शेजारच्या स्लाइडवर ठेवावी. ती स्वच्छ, रिकामी आणि स्तब्ध असते. एकदा या दोन स्लाइड लागोपाठ पाहिल्या की शुक्राणू साठणे म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

अंड्याचे जागे होणे

अंडी गोळा करण्यासाठी काळ्या द्राक्षांच्या रसात साधारण तीन टक्के अगर उकळून पातळ थर ओतावा. गडद पृष्ठभागावर पांढरी अंडी स्पष्ट दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाशीला काळी द्राक्षे मुबलक येतात, तेव्हाच रस काढून गोठवून ठेवणे सोयीचे पडते. बाजारातला बाटलीबंद रस घेतल्यास त्यात परिरक्षक नाही हे पाहावे. थरावर यीस्टच्या लगद्याचा एक ठिपका ठेवून माद्या सोडाव्यात आणि पहिल्या एका तासाची अंडी टाकून द्यावीत. जागा न मिळालेल्या माद्या फलित अंडी पोटातच धरून ठेवतात, आणि अशी आधीच वाढू लागलेली अंडी मिसळली की आपले सगळे वेळापत्रक चुकते.

अंड्याच्या पुढच्या टोकाजवळ, पाठीच्या बाजूने दोन पांढरी वल्ह्यासारखी उपांगे असतात. अंडे मऊ फळात रुतले तरी ती बाहेर राहतात आणि श्वसनाला मदत करतात. अगदी टोकावर एक लहानसा उंचवटा दिसतो. तो मायक्रोपाइल, आणि शुक्राणूला आत जाण्यासाठी कवचात असलेली ती एकमेव वाट. अंडे अंडवाहिनीतून मागचे टोक पुढे करून खाली येते, त्यामुळे ते गर्भाशयात पोहोचते तेव्हा मायक्रोपाइल असलेले टोक सेमिनल रिसेप्टॅकलच्या तोंडाजवळ असते. शुक्राणूला शोधाशोध करावी लागत नाही; त्याला नळीतून बाहेर येऊन समोरच्या छिद्रात शिरायचे असते. शुक्राणू काटकसरीने वापरता येतात ते या रचनेमुळे, आणि सामान्यतः एका अंड्यात एकच शुक्राणू शिरतो.

सस्तन प्राण्यांत शुक्राणू अंड्याला जागे करतो, असे आपण शिकवतो व ते योग्यच आहे. फळमाशीत अंडे शुक्राणू भेटण्यापूर्वीच जागे होऊ लागते. अंडाशयातील परिपक्व अंडे अर्धगुणसूत्री विभाजनाच्या (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या) पहिल्या मध्यावस्थेत थांबलेले असते. ते अरुंद अंडवाहिनीत उतरताना त्याच्यावर दाब पडतो, त्यात पाणी शिरून ते फुगते, पेशीपटलातील ट्रिपीएम नावाची मार्गिका उघडते आणि कॅल्शियमची लाट संपूर्ण अंड्यातून पसरत जाते. ही लाट २०१५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिली. लाटेबरोबर थांबलेले विभाजन पुढे सुरू होते, आईने साठवलेले आरएनए संदेश वाचले जाऊ लागतात आणि अंड्याभोवतीचे पीतकपटल रासायनिक बंधांनी घट्ट होते. कुमारी मादीच्या अंड्यातही हे सर्व घडते.

शेवटचा बदल आपल्याला थेट तपासता येतो. साधारण दोन टक्के तीव्रतेचे सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) तयार ठेवावे. एका काचेच्या खळग्यात कुमारी मादीने घातलेली वीस अंडी घ्यावीत. दुसऱ्यात त्याच वयाच्या कुमारी माद्यांच्या अंडाशयांतून सुईने सोडवलेली, उपांगे पूर्ण वाढलेली वीस परिपक्व अंडी घ्यावीत. दोन्हींवर द्रावण घालून घड्याळ लावावे. दोन्हींकडची उपांगे व बाहेरचे कवच विरघळू लागते. नंतर मात्र फरक उघड होतो: अंडाशयातून काढलेली अंडी दोन-तीन मिनिटांत ढासळतात, फुटतात आणि त्यांतील पीतक ढगासारखे पसरते, तर घातलेली अंडी चकचकीत, तुकतुकीत, अखंड राहतात. या अंड्यांनी शुक्राणू कधी पाहिलेलाच नाही. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे हे उत्तर मी वर्गात सर्वांत आधी दाखवतो, कारण फलनाविषयीची सर्वांत घट्ट बसलेली चुकीची समजूत त्याने सुटते. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि खाद्यासाठी आणलेले प्रोपिऑनिक आम्ल या द्रावणाच्या आसपासही येऊ देऊ नये. आम्लाशी संयोग झाल्यास क्लोरीन वायू सुटतो.

आत नेमके काय घडते

मायक्रोपाइलच्या आतला प्रवास साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसत नाही. त्यासाठी अंडी स्थिर करून प्रतिपिंडांनी आणि डीएनएला चिकटणाऱ्या रंगांनी रंगवावी लागतात. तरीही हा भाग समजून घेतल्याशिवाय बाहेरून मिळणाऱ्या खुणांचा अर्थ लागत नाही.

बहुतेक प्राण्यांत शुक्राणूचे पटल अंड्याच्या पटलाशी एकरूप होते आणि केंद्रक आत सोडले जाते. फळमाशीत संपूर्ण शुक्राणू, लांबलचक शेपटीसह, स्वतःच्या पटलात गुंडाळलेलाच अंड्यात शिरतो. ते आवरण नंतर अंड्याच्या आत विरघळावे लागते. बार्बरा वाकिमोतो यांच्या सिॲटलमधील प्रयोगशाळेने १९९८ मध्ये स्नीकी नावाच्या जनुकाचे वर्णन केले. हा जनुक बिघडलेल्या नराचे शुक्राणू व्यवस्थित पोहतात, साठवले जातात, अंड्यात शिरतातही, पण त्यांचे आवरण उतरत नाही आणि गर्भाची वाढ सुरूच होत नाही. पुढे २०२१ मध्ये त्याच कुळातील दोन प्रथिने उंदरांतही शुक्राणू व अंडे एकरूप होण्यासाठी आवश्यक असल्याचे दिसून आले. चिलटात सापडलेला धागा सस्तन प्राण्यांपर्यंत पोहोचतो, तो असा.

आवरण उतरल्यावर शुक्राणूच्या केंद्रकाचे सामान बदलले जाते. शुक्राणूत डीएनए अतिशय घट्ट बसावा म्हणून त्याच्याभोवती प्रोटॅमिन जातीची प्रथिने असतात. अंडे ती काढून टाकते आणि त्या जागी आपल्याकडची हिस्टोन प्रथिने बसवते. या कामात अंड्यातील हिरा नावाचे प्रथिन कमी पडले तर पित्याची गुणसूत्रे विभाजनात सामीलच होऊ शकत नाहीत आणि केवळ आईच्या गुणसूत्रांवर वाढू पाहणारा गर्भ अळी होण्यापूर्वी मरतो. दुसरीकडे अंड्याचे विभाजन पूर्ण होऊन चार केंद्रके तयार झालेली असतात. त्यांतील एक आत सरकते आणि उरलेली तीन कडेला थांबतात. आत सरकणाऱ्या केंद्रकाला वाट दाखवतो तो शुक्राणूच. त्याने आणलेल्या सेंट्रिओलभोवती (सूक्ष्मनलिकांची मांडणी करणाऱ्या कणाभोवती) अंडे सूक्ष्मनलिकांची एक विस्तीर्ण तारका उभी करते आणि आईचे केंद्रक तिच्या धाग्यांवरून पित्याच्या केंद्रकाकडे ओढले जाते. फळमाशीच्या अंड्याकडे स्वतःचे सेंट्रिओल नसतात. म्हणूनच जागे झालेले पण शुक्राणू न मिळालेले अंडे तिथेच अडते.

दोन्ही केंद्रके शेजारी येतात, पण लगेच मिसळत नाहीत. पहिल्या विभाजनात आई व पिता यांची गुणसूत्रे एकाच तर्कूवर (गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणाऱ्या सूक्ष्मनलिकांच्या रचनेवर) दोन वेगळ्या गटांत उभी राहतात आणि त्यानंतरच एकत्र येतात. शेपटीचे काय होते, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. ती अंड्याच्या पुढच्या भागात वेटोळे करून पडून राहते. संशोधक टिमथी कार यांनी १९९१ मध्ये प्रतिपिंडाच्या साहाय्याने ती गर्भात दाखवली. पुढे अळीच्या आतड्यात तिचे अवशेष सापडतात आणि अळी ते विष्ठेबरोबर बाहेर टाकते. पित्याच्या तंतुकणिका मात्र वंशात पुढे जात नाहीत.

गाठ पडली हे बाहेरून कसे ओळखावे

फलनानंतर केंद्रके मध्ये पेशीपटल न घालता एकापाठोपाठ १३ वेळा विभागतात, आणि सुरुवातीची विभाजने २५ अंशांना आठ-नऊ मिनिटांत एक या वेगाने होतात. सुमारे दीड तासाने अंड्याच्या मागच्या टोकाला गोल पेशींचा छोटासा पुंजका उमटतो. या ध्रुवपेशी, पुढच्या पिढीच्या जननपेशींचे मूळ. तिसऱ्या प्रश्नाचे सर्वांत लवकर मिळणारे उत्तर हा पुंजका देतो. अर्ध्या तासात घातलेली अंडी गोळा करून स्लाइडवर हॅलोकार्बन तेलाच्या थेंबात ठेवावीत. तेलात कवच पारदर्शक होते आणि ब्लीच न वापरताही आतले दिसते. दोन तासांनी प्रत्येक अंड्याचे मागचे टोक तपासावे. ध्रुवपेशी असतील तर शुक्राणूने काम केले. कुमारी मादीच्या अंड्यात त्या दिसत नाहीत.

सूक्ष्मदर्शकावर इतका वेळ बसणे शक्य नसेल तर अळ्यांची मोजणी करावी. मीलन झालेल्या दहा आणि कुमारी दहा माद्यांची अंडी वेगळ्या डिशवर मोजून ओळीत मांडावीत आणि ३६ तासांनी रिकामी कवचे मोजावीत; २५ अंशांना अळी साधारण एका दिवसात बाहेर येते. न उबलेल्या अंड्यांना एकाच रकान्यात ढकलू नये. तपकिरी पडलेले अंडे म्हणजे फलन झाले होते, गर्भ पुढे वाढून मेला. पांढरेच राहिलेले अंडे अफलित असते किंवा अगदी सुरुवातीला थांबलेले असते. मे महिन्यातील त्या प्रसंगी माझी सर्व अंडी पांढरी होती, आणि रंगाकडे मी पहिल्याच दिवशी लक्ष दिले असते तर खाद्य बदलत बसण्याची वेळ आली नसती.

सर्वांत दीर्घ आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रयोग एकाच मीलनाचा आहे. एकदा मीलन झालेली मादी दररोज सकाळी ठरलेल्या वेळी नव्या डिशवर हलवावी आणि प्रत्येक दिवसाची अंडी, अळ्या, पांढरी अंडी व तपकिरी अंडी रोज लिहीत जावे. पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक अंड्यातून अळी येते. त्यानंतर पांढऱ्या अंड्यांचे प्रमाण वाढू लागते आणि साधारण दोन आठवड्यांच्या सुमारास अळ्या मिळेनाशा होतात. मादी मात्र अंडी घालतच असते. निदान दहा माद्या एकाच वेळी सुरू कराव्यात, कारण काही मध्येच मरतात. पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या दिवशी एकेक मादी उघडून तिची सेमिनल रिसेप्टॅकल ही नळी पाहावी. पाचव्या दिवशी नळीत गर्दी असते, दहाव्या दिवशी मोजता येतील इतके धागे उरतात, आणि पंधराव्या दिवशी बहुधा ती कुमारी मादीच्या नळीइतकीच स्तब्ध असते. नळीतील ही स्थिती आणि त्या सकाळच्या डिशवरील पांढऱ्या अंड्यांची संख्या वहीत एकाच ओळीत लिहावी. काम संपलेल्या बाटल्या टाकण्यापूर्वी एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवाव्यात, म्हणजे प्रयोगशाळेतील वाण बाहेरच्या चिलटांत मिसळणार नाही.